लाल टोपी येईपर्यंत

पायाला फोड आला की माणूस खरं बोलायला लागतो, असं माझी नणंद म्हणते. तिच्या स्वतःच्या पायाला फोड आला तेव्हा ती खरं वगैरे काही बोलली नाही, माझ्यावर डाफरली फक्त. पण ते नंतर.

आधी हे सांगून टाकते की मी त्या दिवशी चालायला गेले ती हौसेने नाही. डोंगर, पायवाटा, सकाळची हवा, पक्ष्यांचे आवाज यातलं मला काही आवडत नाही. मी शिंप्याच्या दुकानात आल्टरेशनचं काम करते. सैल करा, घट्ट करा, उसवलेलं शिवा, असं दिवसभर बसून. चालणं म्हणजे माझ्या लेखी दुकान ते घर, आणि तेही बस चुकली तर. मी गेले होते नवऱ्याची परीक्षा घ्यायला. आपली परीक्षा आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि आपण परीक्षक झालोय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे हे शाळेची बस चालवतात. आधी वर्षानुवर्षं शहराची बस चालवली, निवृत्त झाले, घरात बसून माझं डोकं खायला लागले, तेवढ्यात शाळेने बोलावलं आणि आम्ही दोघेही सुटलो. पोरांत ते असे रमले की विचारू नका. कुणाचा दात पडला, कुणाचं मांजर व्यालं, सगळ्या बातम्या रात्री जेवताना मला मिळायच्या. मोठ्यांमध्येही त्यांची ख्याती थट्टेखोर माणूस अशीच. गंभीर चेहऱ्याने काहीतरी अचाट बोलायचं आणि समोरचा फसला की मिशीत हसायचं.

मग सुट्टी लागायच्या थोडं आधी एका दुपारी ते घरी आले, बस दारात उभी केली, चहा मागितला आणि पेपर उघडून बसले. मी म्हटलं, "अहो, शाळा सुटायची वेळ झाली ना?" तर म्हणाले, "आज सुट्टी आहे." मला वाटलं थट्टा. मी हसले. ते हसले नाहीत. तेवढ्यात शाळेतून फोन आला, पोरं फाटकात उभी आहेत, बस कुठे आहे? मी म्हटलं, टायर पंक्चर झालंय, निघालेत. खोटं इतकं पटकन तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. हे उठले, गेले, पोरांना घरोघर सोडून आले. रात्री जेवताना मांजराच्या पिल्लांची बातमी सांगितली. दुपारचं नावसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. मी शिवण उलटी करून बघणारी बाई. वरून कापड कितीही छान दिसो, टाका धरलाय की नाही ते आतून कळतं. पण नवरा उलटा करून बघता येत नाही. एक दिवस किल्ली फ्रिजमध्ये सापडायची आणि मी रात्रभर तळमळायची. दुसऱ्या दिवशी हेच पत्त्यांत मला असे हरवायचे की कुठलं पान कधी पडलं ते सगळं तोंडपाठ. मग मला वाटायचं, माझ्याच डोक्यात किडा शिरलाय. फ्रिजमध्ये किल्ली मीच ठेवली असेल. मी नाही का मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची पँट दुसऱ्याला दिली?

बोलायचं कुणाशी? बोलले असते तर बस गेली असती. आणि बस गेली तर हे घरात बसून करणार काय? न बोलावं तर बसमध्ये लोकांची पोरं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मध्ये हातात सुई घेऊन उभी.

सोमवारी शाळा उघडणार होती. त्याआधीच्या शनिवारी नणंदेने फोन केला. तिचा एक चालणाऱ्यांचा गट आहे. गाव सोडून लांब कुठेतरी जातात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायवाटा, शेतरस्ते, कालव्याचे बांध असं चालत सुटतात. "उद्या दादाला घेऊन ये," म्हणाली. "आणि तूही ये, बसून बसून उशी झालीयेस." मी एरवी तिला चार शब्द सुनावले असते. पण माझ्या मनात आलं, घरात काय, सवयीने सगळं चालतं. चमचा कुठे, चप्पल कुठे, हाताला माहीत असतं. अनोळखी जागी, अनोळखी वाटेवर दिवसभर बघावं. दिवस नीट पार पडला तर सोमवारी बस. नाही पडला तर मी शाळेत जाऊन सांगेन. एकदाचा निकाल लागेल.

निकाल असा सरळ लागत नसतो, हे परीक्षा घेणाऱ्याला आधी कोण सांगणार?

मोठ्या गाडीने आम्हाला एका पुलापाशी सोडलं आणि गाडी पुढे मुक्कामाच्या ठिकाणी निघून गेली. गटाचे पुढारी दातांचे डॉक्टर होते. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारा हा माणूस रविवारी मान वर करून चालतो आणि मागे वळून म्हणून बघत नाही. त्यांनी नवख्यांसाठी नियम सांगितला. पुढे ते स्वतः. सगळ्यात मागे जो चालेल त्याच्या डोक्यावर लाल टोपी. त्याला हे लोक शेपूट म्हणतात. वाट जिथे फुटेल तिथे डॉक्टर आपल्या मागच्या माणसाला उभं करणार. त्याने येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचं आणि लाल टोपी आली की मगच जागा सोडून टोपीबरोबर निघायचं. फाट्यावर कुणी उभं नसेल तर सरळ जायचं.

"माणूस बघायचा नाही, टोपी बघायची," डॉक्टर म्हणाले. "शेपूट दिवसभरात बदलू शकतं. टोपी आली म्हणजे मागे कुणी उरलं नाही. टोपी येईपर्यंत हलायचं नाही. कळलं?"

"आणि टोपी आलीच नाही तर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तर तिथेच घर बांधायचं," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. हेही हसले. मी मनात पहिला गुण दिला. प्रश्न शहाण्याचा होता.

शेपूट माझी नणंद होती. बरीच वर्षं तीच असते, कारण ती चालताना गप्पा मारते आणि आपोआप मागे पडते.

सकाळभर माझं चालण्याकडे लक्षच नव्हतं. वाट कालव्याच्या कडेने जात होती, मग गवतातून, मग दोन्हीकडे दगडी बांध घातलेल्या गाडीवाटेने. गुडघे कुरकुरत होते आणि मी नवऱ्याच्या पाठीकडे बघत गुण देत होते आणि कापत होते. त्यांनी कालव्याचं दार कसं उघडतं ते गटातल्या एका बेकरीवाल्याला समजावून सांगितलं, एक गुण. बहिणीला "आई, सावकाश" म्हणाले, एक गुण वजा. पण नणंद खो खो हसली, "मी आईसारखी दिसायला लागले की काय रे दादा?" आणि खरं सांगायचं तर ती दिसतेच हल्ली तशी. मग तो गुण परत द्यायचा की नाही?

मध्येच मला माझी पाण्याची बाटली दिसेना. मी ह्यांच्यावर घसरले, "तुमच्याकडे दिली होती, कुठे ठेवलीत?" ते बिचारे पिशवी उपसून बघत राहिले. बाटली माझ्याच पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होती. नणंदेने ती काढून माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "वहिनी, आधी स्वतःला डॉक्टरकडे ने." ती थट्टेत म्हणाली. मला मात्र चालताना घाम फुटला.

पहिल्या मोठ्या फाट्यावर योगायोगाने डॉक्टरांच्या मागे हेच होते. त्यांना तिथे उभं केलं गेलं. आम्ही दोघी शेवटी पोचलो तर हे एका दगडावर उभे, हात आडवा करून, वाहतूक पोलिसासारखे. "या, या, डावीकडून. सांभाळून, काटे आहेत." टोपी बघितली, दगडावरून उतरले आणि आमच्याबरोबर निघाले. इतकं चोख काम की मला रडू यायच्या बेतात होतं. झालं, मी मनात म्हटलं, माझाच वेडेपणा. सोमवारी बस.

दुपारी एका पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवलो. पाव, उकडलेली अंडी, संत्री. ह्यांची स्वतःची टोपी सकाळी पुलावरून वाऱ्याने कालव्यात गेली होती आणि आता टक्कल टोमॅटोसारखं लाल झालं होतं. मीच म्हटलं, "बघ गं तुझ्या भावाचं डोकं, भाजून निघालंय." नणंदेने क्षणाचाही विचार न करता आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर बसवली आणि स्वतः ओढणी गुंडाळली. आपला तो बाब्या. मी टोपी नीट करून कानापर्यंत ओढली.

आम्ही तिघं होतो तिथे. एक बरीच वर्षं शेपूट असलेली बाई, एक मी, जिने सकाळी नियम कान देऊन ऐकला होता कारण त्यावरच परीक्षा होती, आणि एक हे. तिघांपैकी एकालाही त्या टोपीचा अर्थ आठवला नाही. आम्ही त्या लाल कापडाकडे नुसतं ऊन लागू नये म्हणून घालायची वस्तू म्हणून बघितलं.

जेवणानंतर सगळे पुढे गेले. आम्ही तिघं नेहमीप्रमाणे मागे. थोडं चाललो तर नणंद मटकन खाली बसली. टाचेला फोड. बूट काढ, मोजा काढ, पट्टी शोध. मी म्हटलं, नवे बूट घालून यायला कुणी सांगितलं होतं, त्यावर ती जे काही बोलली ते बोलली. हे उभ्या उभ्या चुळबुळत होते. "दादा, तू हो पुढे," ती म्हणाली. "आम्ही येतोच." मी त्यांना अडवायला हवं होतं. पण सकाळच्या फाट्याने मी इतकी निर्धास्त झाले होते की म्हटलं, जा, सावलीत थांबा पुढे. ते लांब लांब ढांगा टाकत बांधाच्या वळणाआड गेले.

आम्ही निघालो तेव्हा नणंद लंगडत होती. पुढे वाट एका डांबरी रस्त्याला मिळाली. रस्ता सरळ जात होता आणि उजव्या हाताला, विजेच्या खांबाशेजारून, एक मातीची वाट खाली उतरत होती. तिथे कुणी उभं नव्हतं.

"कुणी नाही म्हणजे सरळ," नणंद म्हणाली.

"हो, सरळ," मी म्हटलं.

आणि आम्ही सरळ गेलो. रस्ता काही संपेना. माणूस नाही, गाडी नाही, फक्त ऊन आणि दोन्हीकडे कापणी झालेली शेतं. नणंद म्हणत होती, आत्ता येईल जोडरस्ता. मग म्हणायला लागली, मागच्या वेळी इथे एक शाळा होती. शाळा कुठे गेली? मग तिलाच कळेना की मागच्या वेळी ती याच रस्त्याने आली होती की दुसऱ्याच कुठल्या. ती ज्या आत्मविश्वासाने चुकत होती ते बघून मला धास्ती वाटायला लागली. ही तर त्यांच्यापेक्षा लहान. हिची बुद्धी शाबूत. की सगळेच असे असतात आणि मी एकट्या नवऱ्याचं मोजत बसलेय?

रस्ता एका कोंबड्यांच्या फार्मच्या फाटकाशी संपला. पुढे रस्ताच नाही. पत्र्याच्या लांब शेडमधून हजारो कोंबड्यांचा एकच कलकलाट येत होता. एक बाई अंड्यांचे ट्रे रचत होती. आम्हाला बघून तिने हात पुसले.

"चालणारे का? इथून पुढे वाट नाही. इथून पुढे फक्त कोंबड्या."

"बाकीचे लोक गेले का हो इथून?"

"आज तर तुम्हीच पहिल्या," ती म्हणाली. "तुमचे लोक खांबापासून खाली उतरतात नेहमी. तिथे तुमचा कुणीतरी उभा असतो की."

"आज नव्हता," नणंद म्हणाली.

"मग गेला असेल. टोपीवाला आला असेल ना त्याचा." म्हणजे त्या कोंबड्यांच्या बाईलासुद्धा नियम पाठ होता.

नणंदेने तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग तिचा हात हळूच डोक्यावर गेला. ओढणीवर. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या खांबाशी कुणीतरी उभं होतं, हे आले, त्यांच्या डोक्यावर लाल टोपी होती, झालं, शेपूट आलं, मागे कुणी नाही. तो माणूस निघाला. पुढच्या फाट्यावरचाही निघाला असेल. आम्ही दोघी हिशेबातच नव्हतो.

फोनला रेंज नव्हती. बाईने पाणी दिलं. आम्ही उलट फिरलो. परतीचा रस्ता तोच होता पण आता तो आधीपेक्षा लांब होता, शपथेवर सांगते. नणंद बोलत नव्हती. मी बोलत होते, पण मनात. टोपी दिली कुणी? तिने. कानापर्यंत ओढली कुणी? मी. मग गुण कुणाचे कापायचे? आणि ते, पुढे, कुठे असतील? सगळ्यांना वाटतंय की शेपूट मागून येतंय. शेपटाकडे कुणी मागे वळून बघत नाही. त्यांनी एखादी वाट चुकीची धरली तर अख्ख्या जगाला कळायचं नाही. मी पळायला लागले. मी, जी बस पकडायलासुद्धा पळत नाही.

खांबापाशी उतरलो, मातीची वाट, मग निलगिरीची झाडं, मग ओढ्यावरची एक मोरी. मोरीपाशी वाट पुन्हा दोन्हीकडे फुटत होती. आणि फाट्याच्या अगदी मधोमध, रणरणत्या उन्हात, सावली चार पावलांवर असताना, हे उभे होते. हात आडवा. डोक्यावर लाल टोपी.

माझ्या तोंडून हुंदका फुटला. रागाचा की सुटकेचा, मला अजून सांगता येत नाही.

"अहो, इथे काय करताय?"

"उभा आहे," ते म्हणाले. ओठ सुकले होते. "या, डावीकडून."

"आणि बाकीचे?"

"गेले. खांबापाशी उभा होता तो बेकरीवाला गेला, आपल्या गटातल्या त्या लायब्ररीवाल्या बाई इथे उभ्या होत्या, त्याही गेल्या. म्हणाल्या, चला. मी म्हटलं, लाल टोपी यायचीय अजून. ते हसायला लागले. काय हसण्यासारखं होतं? म्हणाले, या मग मागून." त्यांनी आमच्या मागे वाटेकडे बघितलं. "तुमच्या मागे आहे का?"

"काय?"

"लाल टोपी."

नणंदेला हसू आवरेना. दमलेली, लंगडी, उन्हाने काळवंडलेली बाई पोट धरून हसायला लागली. "दादा, अरे काखेत कळसा आणि गावाला वळसा! डोक्याला हात लाव!"

त्यांनी हात लावला. टोपी काढली. हातात धरून बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मिशीत हसू येतंय का, फसवलं की नाही, असं कुठे दिसतंय का. मग ते हसले. पण उशिरा. आधी नणंदेकडे बघितलं, ती हसतेय हे बघितलं, मग हसले.

"तू होतास म्हणून आम्ही सापडलो रे," नणंद म्हणाली. तिने टोपी घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवली. "बाकीचे शहाणे निघून गेले. एकटा माझा भाऊ उभा राहिला. वहिनी, बघितलंस?"

बघितलं होतं. तेच तर कळत नव्हतं. ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मागे दोघी राहिल्यात हे सगळ्यांत फक्त ह्यांच्या लक्षात होतं. नियम मोडून सगळे निघून गेले आणि नियम पाळला तो ह्यांनीच. मग हा पास की नापास? ज्याच्या डोक्यावर टोपी तोच टोपीची वाट बघतोय आणि तरीही तोच एकटा बरोबर. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतकी गोंधळले नव्हते.

मुक्काम आता फार लांब नव्हता. नणंद टोपी घालून पुढे लंगडत होती, आज शेपूट पुढे चालत होतं. आम्ही दोघं मागे. ते पायाखाली बघत चालले होते. मग हळूच म्हणाले,

"अगं, गंमत केली म्हणून सांगू का सगळ्यांना?"

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मला पुन्हा चालावं लागलं.

"म्हणजे गंमत नव्हती."

"सांगितलं तर खपेल," ते म्हणाले. "माझं खपतं. बसमध्येही खपतं."

"बसमध्ये काय खपतं?"

"वळण आलं की मी मागे विचारतो, काय रे पोरांनो, आता कुठे? ती ओरडतात, डावीकडे काका, उजवीकडे काका. त्यांना वाटतं खेळ आहे. फार मजा येते त्यांना."

"रोज?"

"रोज नाही." मग जरा वेळाने, "बहुतेक रोज."

निलगिरीचा पाला बुटाखाली चुरचुरत होता. मला विचारायचं नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"आणि सगळी उतरल्यावर?"

"शेवटी ती चष्म्याची मुलगी उतरते. ती उतरली की जरा पंचाईत होते," ते म्हणाले. "म्हणून मी तिला सगळ्यात शेवटी सोडतो. तिचं घर आधी लागतं खरं तर. पण ती हुशार आहे."

मी त्यांचा हात धरला. आम्ही असं हात धरून वगैरे चालणारी माणसं नाही. त्यांना वाटलं मी अडखळले, म्हणून त्यांनी मला सावरलं. इतके दिवस मी एकटी रात्री जागी राहत होते असं मला वाटायचं. शेजारी हेही जागेच होते. एकाच पलंगावर दोन माणसं एकमेकांना फसवायला डोळे मिटून पडलेली. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींसाठी छातीत जागा पुरेना.

"सांगू ना मग?" त्यांनी पुन्हा विचारलं. "गंमत म्हणून?"

मी त्यांचा हात घट्ट धरून चालत राहिले.

गाडी एका मोकळ्या आवारात उभी होती आणि तिच्याभोवती सगळे घोळका करून. डॉक्टर आम्हाला शोधायला निघतच होते, चेहरा पांढराफटक. "आले! आले!" बेकरीवाला ओरडला. मग एकच गलका. नणंदेने सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली, टोपी, कोंबड्या, फोड. लोक हसून हसून वाकले. कुणी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "काय नट माणूस आहे! डोक्यावर टोपी आणि चेहरा असा गंभीर! मला तिथेच कळलं, फिरकी घेतायत."

डॉक्टर मात्र हसत नव्हते. ते ह्यांच्याजवळ आले. "गंमतच केलीत ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वळणावर मागे बघावं तसं.

"गंमत नव्हती," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "टोपी आपल्या डोक्यावर आहे हे ह्यांना कळलं नाही. असं बरेच दिवस होतंय. सोमवारी हे बस चालवणार नाहीत. मी शाळेत सांगणार आहे."

बेकरीवाल्याचा हात ह्यांच्या पाठीवर तसाच राहिला, काढावा की ठेवावा त्याला कळेना.

"वहिनी!" नणंद म्हणाली. "चारचौघांत? अगं, माझा भाऊ आहे तो!"

"माहितीये मला कोण आहेत ते."

गाडीत ती पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि खिडकीकडे तोंड करून रडत राहिली, टोपीसकट. मी शेवटच्या बाकावर बसले. हे दारात जरा वेळ उभे राहिले, पुढे बघितलं, मागे बघितलं. मला वाटलं बहिणीपाशी बसतील, तसं त्यांनी केलं असतं तर मी काही म्हणू शकले नसते. पण ते मागे आले आणि म्हणाले, "सरक जरा." मी सरकले.

गाडी निघाली. बराच वेळ त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, उताणे.

"मला आधी विचारायचंस तरी," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही हसवलं असतं मला."

ते कबूल केल्यासारखे मान हलवत राहिले. बाहेर शेतं मागे जात होती, आम्ही दिवसभर पायांनी मोजलेली. मग ते एकदम माझ्याकडे वळले.

"त्या चष्म्याच्या मुलीला मात्र सांगायला हवं. ती सकाळी दारात उभी राहील. बस आली नाही तर हलायची नाही ती तिथून."

"सोमवारच्या आधी सांगू. आज घरी जातानाच जाऊ तिच्याकडे. कुठे राहते ती?"

त्यांनी तोंड उघडलं. मग खिडकीबाहेर बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग पुन्हा बाहेर.

"पोरांना विचारू," ते म्हणाले.